सुतळीवरचा सराव

क्रोशाच्या सुईला नेढे नसते. तिच्या टोकाशी लहानसा आकडा असतो, आणि त्या आकड्याने फंद्यातून धागा ओढून आणायचा, एवढेच तिचे काम. पहिल्या दिवशी मी हे फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितले, तेव्हा मागून एक आवाज आला, "म्हंजी हिरीत पडलेली बादली काढायच्या गळावानी."

"बरोबर," मी म्हटले.

"पर हिरीत पाणी कुठंय, बाई?"

"बादली कोरड्या विहिरीतही पडते," असे उत्तर देऊन मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. वर्गात विषयांतर वाढू द्यायचे नसते.

हा वर्ग शाळेचा नव्हता. शिरूर कासारच्या कोरड्या पट्ट्यातल्या त्या गावी मी माध्यमिक शाळेत गणित आणि कार्यानुभव शिकवत असे. कार्यानुभवाला कोणी विषय मानत नसल्यामुळे त्यात मला पूर्ण स्वातंत्र्य होते. दरवर्षी दिवाळी झाली की निम्मे गाव ऊसतोडीला जाई आणि घरांना कुलपे लागत. त्या वर्षी मात्र पाऊस असा हटून बसला की कारखान्यांनाच ऊस पुरेना. टोळ्या लवकर परतल्या, कोयते आढ्याला खोचले गेले, आणि टँकरच्या रांगेत हंडे पुढे सरकवण्यापलीकडे बायकांच्या हातांना काम उरले नाही.

नेमके त्याच वर्षी सोसायटीचे गोदामही रिकामे पडले होते. पेरणीच झाली नाही तर खत कोण उचलणार? प्रजासत्ताकदिनाच्या भाषणात सोसायटीचे चेअरमन उत्साहाच्या भरात म्हणून गेले, की महिला भगिनींनी पुढे यावे, सोसायटी त्यांच्या पाठीशी उभी राहील. दुसऱ्या दिवशी मी महिला भगिनींना घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले आणि गोदाम मागितले. सभेत बोललेला शब्द इतक्या लवकर कोणी मागायला येईल, याची त्यांना कल्पना नसावी. त्यांनी किल्ली दिली.

त्या खोलीचे महत्त्व बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. जाड दगडी भिंतींमुळे आत गारवा असे. घरात सासू, ओट्यावर सासरा आणि बाहेर ऊन, या तिन्हींपासून दूर असलेली ती गावातली एकमेव जागा होती. वीणकाम हे निमित्त होते असे मी म्हणणार नाही, कारण मी वीणकाम गांभीर्यानेच शिकवत असे. पण पुष्कळ जणी भिंतीला पाठ टेकून पहिल्यांदा जो दीर्घ श्वास सोडत, त्याचा क्रोशाशी काही संबंध नव्हता.

मग उन्हाळा तोंडावर आला आणि सोसायटीने गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. जनावरे आली, त्यांच्यामागे पेंडीची पोती येणार होती, आणि पोत्यांना कोरडी, बंद जागा हवी होती. गावात अशी जागा एकच होती. सोसायटीच्या गटसचिवाने दारात उभे राहून आम्हाला कळवले, "पेंड आली की खोली खाली करायची हाय, बाई. चेअरमनसाहेबांचा निरोप हाय."

वर्गात सगळ्यांच्या सुया एकदम थांबल्या.

अशा परिस्थितीत चेअरमनांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. त्यांना सगळे गाव वैनी म्हणत असे आणि मी वहिनी. त्यांचे माहेर माजलगावचे. तिकडे धरण, कालवा, बारमाही ऊस. त्यामुळे आमच्या गावातली धूळ त्यांनी कधीच मनापासून स्वीकारली नव्हती. भाच्याच्या लग्नाचे रिसेप्शन माजलगावला, हिरवळीवर, संध्याकाळी होणार होते. त्यांनी पुण्याच्या कुठल्याशा मासिकातले एक पान माझ्यापुढे उलगडले. चित्रात एका मनगटावर लटकलेली पर्स होती: तळाशी गोल, तोंडाला नाडी आणि अंगभर उठावाचे दाणे. कृती पुढच्या पानावर होती, आणि पुढच्या पानात वहिनींच्या जावेने फरसाण बांधून कोणाला तरी दिले होते.

"हा बटवा आहे," मी म्हटले.

"बटवा न्हाई, बाई. पर्स. बटव्यात आमची आजी कात-सुपारी ठेवायची. ही संध्याकाळच्या कार्यक्रमाला हातात धरायची असती."

"आत काय ठेवायचे असते?" मी मोजमापासाठी विचारले.

वहिनींनी विचार केला. "रुमाल," त्या म्हणाल्या. मग आणखी विचार केला. "आणि अजून एक रुमाल."

जाताना त्या उंबऱ्यात थांबल्या. "चांगली झाली तर मी यांच्याशी बोलते. पेंड काय, कुठं बी ठेवता येती."

त्या गेल्यावर मुकादमीण म्हणाली, "ऐकलं का गं बायांनो? आता ही खोली त्या पिशवीत हाय." मुकादमीण म्हणजे ऊसतोड टोळीच्या मुकादमाची बायको. तिच्या आवाजाने ट्रॅक्टर मागे वळत.

दोन रुमालांवरून उंची ठरवता येईना. म्हणून मी गोदामाची किल्ली माप म्हणून धरली. ती चांगली वीतभर लांब, लोखंडी, जुन्या घडणीची होती. ही उभी मावली की कोणतीही सभ्य वस्तू मावेल, असे मी ठरवले आणि फळ्यावर आकृती काढली.

पर्सचा तळ गोल असतो. दर फेरीत ठरावीक ठिकाणी टाके वाढवले तर वर्तुळ सपाट बसते. कमी वाढवले तर ते वाटीसारखे वर वळते, जास्त वाढवले तर कोबीच्या पानासारखे मुरडते. तळ पुरेसा झाला की वाढवणे थांबवायचे. मग भिंत आपोआप उभी राहू लागते. "म्हंजी आधी ताट, मग टोपलं," मुकादमीण म्हणाली. मी हे वाक्य पुढे शाळेतही वापरले. दाण्यासाठी एकाच घरात पाच खांब, म्हणजे उंच टाके, अर्धवट ठेवायचे आणि शेवटी सगळ्यांचे फंदे एकदम ओढून एक करायचे. जागा एकाची आणि राहणारे पाच, म्हणजे ते पुढे फुगून येणारच.

"आमच्या घरावानी," गावातल्या एका मोठ्या घरातली धाकटी सून पुटपुटली. वर्गात ती नेहमी खाली मान घालून बसे, आणि तिचा आवाज आम्ही बहुधा तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

वहिनींनी आणलेला दोरा रेशमी होता, डाळिंबी रंगाचा. रेशीम एकदा उसवले की त्याला तूस सुटते आणि ते पुन्हा विणल्यावर जुने दिसते. त्यामुळे चूक करून पाहण्याची सोय नव्हती. सराव दुसऱ्या कशावर तरी करायला हवा होता, आणि गोदामाच्या कोपऱ्यात पोती शिवायच्या सुतळीचे मोठे बिंडे वर्षभर पडून होते. मी सगळ्यांना सुतळीची एकेक पूर्ण पर्स करायला सांगितली. जिची उत्तम होईल तिने रेशमाची करायची.

हाताच्या ताणावरून माणसाचा स्वभाव कळतो असे काही लोक मानतात. माझा अनुभव तसा नाही. जिच्यापुढे टोळीतले दांडगे गडी नरम येत, त्या मुकादमिणीचा टाका इतका सैल की तिची पर्स झोळीसारखी लोंबू लागली. आणि धाकट्या सुनेचा टाका इतका घट्ट की आकडा आत शिरवायला तिला तो दाताने धरावा लागे. दाणे मात्र तिचेच उठले. हरभऱ्याएवढे, सारखे, ओळीने. मी तिचे काम सगळ्यांना दाखवले. तिने ते पदराखाली घेतले आणि घरी नेले.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली.

"नमुना कुठे आहे?" मी विचारले. तो समोर ठेवून रेशमाचे काम करायचे होते.

ती जमिनीकडे पाहत राहिली.

"सांग की गं," मुकादमीण म्हणाली. "बाई काय खात न्हाईत."

"मामंजींनी घेतला," ती म्हणाली. "उलटापालटा करून बघितला. मग छावणीत नेला आन् वासराच्या तोंडाला बांधला."

येथे थोडे स्पष्टीकरण देते. मुसके म्हणजे जनावराच्या तोंडाला बांधायची दोरीची जाळी. औताला जुंपलेल्या बैलाने उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून ती बांधतात. छावणीत तिची गरज वेगळी होती. तिथे प्रत्येक दावणीपुढे मापाने वैरण पडे. मोठी जनावरे खुंट्याला बांधलेली असत, पण वासरे मोकळी सुटत, आणि शेजारच्या दावणीतली वैरण त्यांना नेहमीच अधिक रुचकर लागे. त्यावरून मालकांमध्ये रोज भांडणे होत. गावात मुसकी वळणारा एक म्हातारा होता. तो दुष्काळाला कंटाळून मुलीकडे राहायला गेला होता. बाजारातल्या नायलॉनच्या मुसक्यांनी वासरांची तोंडे सोलून निघत. आणि आता माझ्या आकृतीबरहुकूम केलेली वस्तू पाहा: तळ गोल, भिंत उभी, श्वासापुरती मधे मधे जाळी, आणि मागे बांधायला नाडी. त्या सासऱ्यांनी ती वस्तू हातात घेऊन काही विचारलेच नाही, यात त्यांचे काय चुकले?

मी छावणीत जाऊन ते वासरू पाहून आले. मला मान्य केले पाहिजे, की पर्स त्याला अगदी बेतल्यासारखी बसली होती. दाण्यांमुळे सुतळी तोंडाला टोचत नव्हती. फक्त नाडी जिथून ओवली होती तिथला काठ वासराने मान झटकून झटकून झिजवला होता. म्हणजे तिथे जास्तीची एक घट्ट फेरी हवी आणि वर छोटी झालर, म्हणजे काठ मुरडणार नाही. ही दुरुस्ती मी वहिनींच्या पर्समध्ये करून घेतली. मासिकातल्या चित्रात ती नव्हती. वासराने सुचवली, असे मी वहिनींना अर्थातच सांगितले नाही.

पण छावणीत एकाचे पाहून दुसऱ्याने मागणे हे ओघाने आलेच. इतरांच्या सरावाच्या पर्सही एकेक करून वर्गातून दिसेनाशा झाल्या. मुकादमिणीची झोळीसुद्धा एका म्हातारतोंड्या गोऱ्ह्याला चालली. इकडे धाकट्या सुनेने रेशमाची पर्स पुरी केली. मी आतून साटिनचे अस्तर लावले, किल्ली घालून पाहिली, ती उभी मावली. डाळिंबी दाण्यांवर उजेड पडला की पर्स खरोखरच फोडलेल्या डाळिंबासारखी दिसे. सगळ्या जणी ती बघत राहिल्या. धाकट्या सुनेने तर तिला हात लावायच्या आधी पदराला बोटे पुसली.

तेवढ्यात वहिनींचा निरोप आला. बीडहून एका मोठ्या साहेबांच्या पत्नी छावणी बघायला येणार होत्या. वहिनी त्यांच्याबरोबर असणार होत्या. पर्स त्याच वेळी, छावणीतच, पाहुण्यांच्या देखत द्यावी, अशी त्यांची इच्छा होती.

मुकादमिणीने सगळ्यांच्या मनातले बोलून टाकले. "वैनीच्या हातात पिशवी, आन् म्होरं वासराच्या तोंडाला तीच पिशवी. खोली गेली, बाई."

मी पद्धतशीर विचार करणारी व्यक्ती आहे. अडचणीचे दोन भाग होते, पर्स आणि मुसकी. पर्स मागे घेता येत नव्हती. म्हणून मुसकी मागे घ्यायची. पाहुण्या यायच्या दिवशी सकाळी आम्ही पाट्या घेऊन छावणीत गेलो.

धाकट्या सुनेचे सासरे वासरापुढे आडवे उभे राहिले. "मुसकं काढलं तर हे शेजाऱ्याची वैरण खातंय. मग भांडण कोण मिटविणार? तुमी?"

"घटकाभराचा प्रश्न आहे," मी म्हटले.

"कावून पण? त्या दिशी तर तुमीच येऊन शाबास म्हणून गेलतात."

त्यांना कारण सांगण्यासारखे नव्हते. शेवटी त्यांच्या सुनेने, खाली मान घालूनच, वासराला कुरवाळत गाठ सोडली आणि मुसके पाटीत टाकले. सासरे तिच्याकडे नुसते बघत राहिले. बहुधा त्या घरात सासऱ्यापुढे तिने स्वतःच्या मनाने केलेले ते पहिले काम असावे.

सगळी मुसकी पाटीत पडली, तेव्हा मी ती मोजली आणि वर्गात केलेल्या नगांशी ताळा केला. तो जुळला.

"पर एक मी वाढीव केलतं," मुकादमीण म्हणाली. "सालगडी लई मागं लागलता."

"कोणाचा सालगडी?"

तिने माळाच्या वरच्या अंगाला हनुवटीने खूण केली. तिथे छावणीतली सर्वांत चांगली दावण होती. तिथे चेअरमनांची जनावरे बांधलेली होती, आणि त्यांच्या पांढऱ्या वासराच्या तोंडावर आमच्या वर्गातले मुसके झालरीसकट शोभत होते. झालर मुकादमिणीने हौसेने दुहेरी घातली होती. त्या वासराला हात लावायची आमची कोणाची छाती नव्हती. सालगडी गोठ्याच्या सावलीत बसून होता, आणि जीपचा आवाज ऐकू येऊ लागला होता.

पाहुण्या मध्यमवयीन, साध्या सुती साडीतल्या होत्या. चेअरमन पुढे, वहिनी बरोबर, गटसचिव छत्री घेऊन मागे. मी पर्स दिली. वहिनींनी ती पाहुण्यांच्या देखत मनगटात अडकवली, हात थोडा वर करून फिरवून पाहिला आणि माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. खोली वाचली, असे मला त्या क्षणी वाटले. मागे उभ्या असलेल्या बायकांनाही वाटले असावे, कारण बांगड्या एकदम किणकिणल्या.

पण मुसकी काढल्याला आता घटका उलटून गेली होती. मंडळी पहिल्या रांगेत शिरली तेव्हा धाकट्या सुनेच्या सासऱ्यांचे वासरू शेजारच्या दावणीत खांद्यापर्यंत घुसलेले होते. शेजाऱ्याचे तिसऱ्याच्या वैरणीत होते. म्हातारतोंड्या गोऱ्हा तर वैरणीच्या ढिगात बसकण मारून खात होता. मालक एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात होते.

"तुझ्या वासराला दावं न्हाई का बे?"

"तुझ्याला हाय का? सकाळपासून माझी अर्धी वैरण खाल्ली त्यानं."

चेअरमनांचा चेहरा उतरला. पाहुण्यांपुढे शिस्त दाखवायची होती. "काल तर सगळ्या वासरांना मुसकी होती," ते म्हणाले. "आज कुठं गेली?"

मुसक्यांची पाटी माझ्या मागे होती आणि तिच्यावर धाकटी सून पदर पसरून बसली होती.

"आमच्याकडे या तुमी, मॅडम," चेअरमन पाहुण्यांना म्हणाले. "शिस्त कशी असती ते दावतो." आणि ते सर्वांना घेऊन वरच्या अंगाला गेले. तिथे त्यांचे पांढरे वासरू शांत उभे होते, कारण त्याला दुसरे काही करणे शक्य नव्हते. चेअरमनांनी त्याचा कान धरून त्याला पुढे आणले. "हे बघा. हे असं पाहिजे. ह्याला म्हणायचं मुसकं."

वासरू वहिनींच्या ओळखीचे होते. त्याने मान लांब करून आपले तोंड त्यांच्या हातापाशी नेले. सुतळीचे दाणे आणि रेशमाचे दाणे शेजारी शेजारी आले. तळ तोच, उंची तीच, झालर तीच. वासराची दुहेरी असल्यामुळे किंचित अधिक उठून दिसत होती.

वहिनींनी वासराकडे पाहिले. मग मनगटाकडे पाहिले. मग परत वासराकडे.

"लई मजबूत हाय, मालकीणबाई," सालगडी अभिमानाने म्हणाला. "शाळंच्या बाईच्या वर्गातलं हाय. दोरीचं असतं तर ह्यानं कवाच चावून टाकलं असतं."

पाहुण्या पुढे वाकल्या. "दोन्हींचा नमुना एकच आहे का हो?"

प्रश्न माझ्या दिशेने आला होता, आणि थेट प्रश्नाला नेमके उत्तर द्यायची मला आयुष्यभराची सवय आहे. "नमुना तोच," मी म्हटले. "धागा वेगळा. शिवाय मुसक्याला अस्तर नाही."

पाहुण्यांनी साडीचा पदर तोंडाशी धरला आणि त्या क्षितिजावरचे डोंगर बघू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. वहिनी तडक जीपमध्ये जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी गोदामाला कुलूप होते. किल्ली चेअरमनांच्या घरी मागवून घेतली आहे, एवढेच गटसचिवाने सांगितले. बायका नेहमीच्या वेळी आल्या, कुलूप पाहिले आणि समोरच्या लिंबाखाली बसल्या. लिंबाला त्या वर्षी पाने बेताचीच होती. सावलीपेक्षा कवडसेच अधिक पडत. कोणी मला दोष दिला नाही. मुकादमीण फक्त एवढेच म्हणाली, "बाई, 'मला माहीत न्हाई' असं बी एक उत्तर असतंय."

दुपारी चेअरमनांची जीप लिंबापाशी थांबली. ते खाली उतरले आणि थोडा वेळ आमच्या हातांकडे पाहत उभे राहिले.

"छावणीतल्या झाडून सगळ्या वासरांना मुसकी पाहिजेत," ते म्हणाले. "सुतळी सोसायटी दील. कालच्यासारखा तमाशा मला परत नको."

"आणि खोली?" मी विचारले.

"खोलीचं मी कुठं न्हाई म्हणलं? पेंड सचिवाच्या हापिसात रचतो." गटसचिव मागेच उभा होता, त्याने आवंढा गिळला. "पर किल्ली घरी हाय," चेअरमन पुढे म्हणाले, आणि जरा वेळ लिंबाच्या शेंड्याकडे बघत राहिले. "आन् घरी तुमची वैनी हाय."

"साहेब, तुमी सोसायटीचे चेअरमन हायेत," मुकादमीण म्हणाली.

"सोसायटीचा हाय," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले. जाता जाता त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "आन् ती झालर नको. वासरं काय लग्नाला चालली न्हाईत."

झालर नसेल तर काठ मुरडतो आणि नाडी झिजते, हे मी त्यांना जीप वळेपर्यंत समजावून सांगितले. त्यांनी हात जोडले.

मग आम्ही उन्हात, विरळ सावलीमागे सरकत सरकत मुसकी विणली. माजलगावचे रिसेप्शन होऊन गेले. सचिवाच्या कचेरीत पेंड आली. तो पोत्यांच्या मधे बसून काम करू लागला आणि त्याच्याशी बोलताना सगळ्यांना शिंका येऊ लागल्या. गोदाम मात्र रिकामे आणि कुलूपबंद. त्या कुलपाकडे पाठ करून बसायचे आम्ही एकमेकींना न सांगता ठरवून टाकले होते.

अशाच एका दुपारी वहिनी चालत आल्या. जीप नव्हती. मनगटात पर्स होती. बायका उठून उभ्या राहिल्या. वहिनींनी इकडेतिकडे पाहिले, बसायला स्वच्छ जागा दिसेना, तेव्हा त्या सुतळीच्या बिंड्यावर बसल्या.

"तिथं सगळ्या जणी विचारत होत्या, कुठनं घेतली म्हणून," त्यांनी कोणाकडेही न बघता सुरुवात केली. "मी म्हणलं, पुण्याची हाय."

"बरोबर केलंत, वैनी," मुकादमीण म्हणाली.

"मागं वळून बघते तर ती बीडची बाई. पाठीशीच उभी. सगळं ऐकलेलं. मला वाटलं, आता ही वासरू काढती."

"मग?"

"काय न्हाई. पर्स हातात घेतली, दाण्यावरनं बोट फिरवलं. म्हणली, पुण्याचं काम छानच असतं. आन् निघताना कानाशी येऊन म्हणली, अशीच एक मला पाहिजे. निळी."

धाकट्या सुनेच्या हातातली सुई थांबली. तिने मान वर केली आणि सरळ वहिनींकडे पाहिले. "निळ्या रेशमाला तूस लवकर सुटतं," ती म्हणाली. "उन्हात बसून न्हाई व्हायचं ते."

मी तिची चूक दाखवली नाही, आणि ते मला अवघड गेले, कारण तिचे विधान रेशमाच्या बाबतीत पूर्ण बरोबर नव्हते.

वहिनींनी तिच्याकडे जरा वेळ बघितले. मग पर्सची नाडी सैल करू लागल्या. "तुमच्या पर्सचा एक दोष सांगते, बाई. तिथं माझी ओटी भरली. नारळ काय यात मावला न्हाई. पूर्ण कार्यक्रम मी एका हातात पर्स आन् एका हातात नारळ धरून हिंडले."

"माप दोन रुमालांचे होते," मी म्हटले.

"हो, मीच सांगितलं होतं." त्यांनी आत हात घातला आणि गोदामाची किल्ली बाहेर काढून धाकट्या सुनेच्या ओंजळीत ठेवली. "एवढंच मावतंय बघा."

आम्ही बिंडे उचलले. कुलूप कुरकुरत उघडले आणि आतला गारवा तोंडावर आला. वहिनी दारापर्यंत आल्या, आत डोकावल्या, आणि परत फिरताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "एक करा, बाई. ह्या वेळेला आधी सुतळीवर नका करू."

मी त्यांना काही वचन दिले नाही. सरावाशिवाय रेशमाला हात लावणे हे शिस्तीत बसत नाही. निळ्या पर्सचा सुतळीचा नमुना आम्ही दार लावून केला, आणि तो संध्याकाळपर्यंत कोणी तरी नेला.